शेंडगाव गणातली तिसरी

३ फेब्रुवारी

आज सकाळी धार काढताना हे म्हणाले, "पंचायत समितीला तू उभी राहा. आपला गण महिलेला सुटलाय."

मला आधी चेष्टा वाटली. पण चेहरा गंभीर होता. लग्नाला सतरा वर्षं झाली. गोरक्षनाथ करपे या माणसाने मला बचतगटाची अध्यक्षसुद्धा होऊ दिलं नव्हतं, "मीटिंगा आल्या की घरचं कोन बघनार" म्हणून. आणि दिवाळीनंतर मी सबस्टेशनसमोर बसले तेव्हा तर यांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नव्हता.

त्या बसण्याचं कारण सगळ्या शेंडगावाला माहीत आहे. आमच्या बांधाला बांध लागलेला हनुमंत पहाटेच्या अंधारात उसाला पाणी द्यायला गेला आणि बिबट्याने त्याला पाटाजवळच धरून मारलं. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून माणूस रात्रीचा रानात. कारखान्याचे तात्यासाहेब आले, हनुमंतच्या आईला, राहीबाईला भेटले, फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी दूधसंघाचे नानासाहेब आले, तेही फोटो काढून गेले. दोघांनी सांगितलं, दिवसा लाईट देतो. मिळाली नाही. मग आम्ही बायका सबस्टेशनच्या दारात जाऊन बसलो. थोडे दिवस दिवसाची लाईट आली, आणि पुन्हा रात्रीची झाली.

"तुम्हीच म्हणाला होता ना, बायकांनी यात पडू नये म्हणून?" मी विचारलं.

"जमाना बदललाय," हे म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून गोठ्यामागे गेले. हल्ली फोन आला की गोठ्यामागेच जातात. घरात रेंज नसते.

मला भीती वाटते आहे. पण खरं लिहायचं तर आनंद जास्त झालाय. इतक्या वर्षांनी या माणसाला माझ्यात काहीतरी दिसलं.

६ फेब्रुवारी

अर्ज भरला. तहसीलसमोर दोन्ही गटांच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. एकीकडे कारखान्याची हलगी, दुसरीकडे दूधसंघाचे फटाके. आमच्याकडून मी, हे, राहीबाई आणि सरोजिनीबाई.

सरोजिनीबाईंनी मला आठवीत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या शेतकरी जागर मंचाचं काम करतात. मंच म्हणजे दोन्ही गटांना कंटाळलेल्या दहा-बारा लोकांचा पक्ष. तालुक्याचं ऑफिस म्हणजे बाईंच्या घराची पुढची खोली. मंचाकडून उभं राहायचं हेही यांनीच सुचवलं. म्हणाले, अपक्षाला कोणी विचारत नाही.

अर्ज दिल्यावर बाईंनी मला झाडाखाली नेलं. "धनश्री, हे तुझ्या मनात आलं की कुणी घातलं?"

"यांनी सुचवलं, बाई. पण आता मलाही वाटायला लागलंय."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून यांच्याकडे बघत राहिल्या. शाळेत गृहपाठ दुसऱ्याने करून दिला असला की अशाच बघायच्या.

९ फेब्रुवारी

पाय सुजलेत. वस्त्या लांब लांब, उसाच्या मधून वाट. राहीबाई रोज माझ्याबरोबर चालते. बोलत काहीच नाही, शेजारी उभी राहते. तिला बघून लोक खाट टाकतात.

मला वाटलं होतं लोक हसतील. लोक ऐकतात, हेच मला कळत नाही. मी आजवर कुणाचं काय भलं केलंय? आज श्रीमंतबाबांना मी सरळ विचारलंच. त्यांची हयात कारखान्याच्या गटात गेली.

"तात्यासाहेबानं नात नानासाहेबाच्या घरात दिली," ते म्हणाले. "त्या लग्नात मी पंगत वाढली. दोघं मांडीला मांडी लावून जेवत हुते. आन त्यांच्यापायी मी माझ्या सख्ख्या भावाशी बोलत न्हाई. त्यो दूधसंघाचा ना!" एवढं बोलून ते गोठ्याकडे निघून गेले. मत देणार की नाही ते सांगितलंच नाही.

कांदा खुरपणारी एक बाई म्हणाली, "तू निवडून आलीस आन काम न्हाई केलंस, तर तुझ्या दारात येऊन भांडता तरी येईल. त्यांच्या दारात कुत्री बांधल्यात."

कृषी विद्यापीठातून शिकून आलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. त्यांच्याबद्दल सगळं माहीत आहे. म्हणून तुम्हाला."

ही काय कारणं झाली? माझी एवढीच लायकी का? संध्याकाळी बाईंना म्हणाले तर त्या हसल्या. "दार उघडं दिसलं की माणूस आत डोकावतो, धनश्री. आत काय आहे ते आता तुला दाखवायचंय."

एकाने मात्र हात जोडले. "पोरगी कारखान्याच्या शाळेत शिकवती. माझ्या दारात थांबू नको, ताई." आम्ही लगेच पुढे गेलो. त्याचा राग नाही आला. त्याच्या जागी मी असते तर दारसुद्धा उघडलं नसतं.

११ फेब्रुवारी

आदिनाथभाऊजी जेवायला आले होते. ते यांचे चुलतभाऊ, दूधसंघात सुपरवायझर, नानासाहेबांच्या उठण्या-बसण्यातले. मला वाटलं होतं, मी त्यांच्या उमेदवाराविरुद्ध उभी राहिले म्हणून नाराज असतील. उलट शेंगोळ्या दोनदा मागून घेतल्या. दारात माझ्याबरोबर फोटो काढला. "वहिनी, कारखान्याच्या वस्त्या तेवढ्या घट्ट धरा. तिथं लई नाराजी हाय," असा सल्लाही दिला. माणसाचं मन मोठं असावं तर असं.

आजपासून जीप मिळाली, वर भोंगा बांधलेला. यांच्या कुठल्याशा मित्राची आहे म्हणे.

मी म्हणाले, "उद्या गवळवाडीला जाते." गवळवाडी सगळी दूधसंघाची.

भाऊजींचा घास हातातच राहिला. "तिकडं कशाला? तिकडं समदं ठीक हाय."

"रस्ता खराब हाय," हेही म्हणाले. "पाय मोडून घेशील."

रस्ता खराब आहे हे खरंच. यांना माझ्या पायांची इतकी काळजी कधी नव्हती.

१३ फेब्रुवारी

सकाळी ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉय बांधावर आला. आमच्या उसाची तोड या आठवड्यात होती. म्हणाला, "पुढं गेली."

"किती पुढं?"

"मला काय ठाऊक, ताई. वरून सांगितलंय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

उसाला तुरे आलेत. जितका उभा राहील तितकं वजन घटणार.

दुपारी पांढरी गाडी आली. दोघं उतरले. पाणी दिलं, घेतलं नाही. त्यातला थोराड माणूस अंगणात उभा राहून उसाकडे बघत बोलत होता. "ताई, लेकरंबाळं हायेत तुमाला. उद्या तीनपर्यंत माघार घेता येती. घ्या." मग जरा थांबून म्हणाला, "यंदा ऊन लवकर पडलंय. वाळल्या पाचटाला काडी लागायला कितीसा वेळ लागतो?"

गाडी गेल्यावर त्यांनी न घेतलेलं पाणी मी अंगणात ओतलं. मी यांना म्हणाले, "घेऊन टाकू माघार. एवढं काय अडलंय आपलं?"

"अजाबात न्हाई!" हे एकदम ओरडले. "शब्द दिलाय आपन."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे..." हे जरा अडखळले. "लोकांला. मतदारांला."

मी बघतच राहिले. मला यांचा अभिमान वाटला. पोरांना मात्र संध्याकाळी नणंदेकडे बेलापूरला पाठवून दिलं.

१४ फेब्रुवारी

भल्या सकाळी हे म्हणाले, "चल, शिंगणापूरला जाऊन येऊ." उसाची राखण सोडून? पण आदिनाथभाऊजींनी दोन माणसं राखणीला दिली होती.

दर्शन झालं, तेल वाहिलं. मला वाटलं आता परत. तर हे म्हणाले, बसू जरा. पानाफुलांच्या दुकानांसमोर, धर्मशाळेच्या पायरीवर आम्ही दुपार टळेपर्यंत बसून होतो. दोघांचेही फोन यांनी बंद करून खिशात ठेवले होते. देवाच्या दारात फोन कशाला, म्हणाले. इतके देवभक्त कधी झाले, असं मनात आलं. पण माणसाला संकटात देव आठवतो.

तीन वाजून गेल्यावर यांनी फोन सुरू केला, कुणाला तरी "झालं" म्हणाले आणि मला उसाचा रस पाजला.

अर्ज राहिला. तिघी रिंगणात. कारखाना, दूधसंघ आणि मी. संध्याकाळी बाईंनी सांगितलं, चिन्ह छत्री मिळालं.

१८ फेब्रुवारी

आज गवळवाडीला गेलेच. यांना न सांगता.

जीपचा ड्रायव्हर फाट्यावरच थांबला. "गवळवाडीला न्यायचं न्हाई, असं सांगितलंय."

"कुणी?"

"मालकानं."

मालक कोण, ते काही बोलेना. मग मी, राहीबाई आणि सरोजिनीबाई चालत निघालो. बाईंना मध्ये दोनदा बसावं लागलं.

वाडीत पोचलो तर बायका देवळापुढे जमलेल्याच. रविवारी बिबट्याने भर दुपारी गोठ्यातून कालवड ओढून नेली. वनखात्याचा पिंजरा अजून आलेला नाही. मला वाटलं होतं, ही दूधसंघाची माणसं, पाणीसुद्धा देणार नाहीत. एक म्हातारी पुढे आली, राहीबाईचा हात धरून म्हणाली, "तुझा ल्योक गेला तवा आमाला यायचं हुतं गं. पन ती कारखान्याची वस्ती. येऊ दिलं न्हाई."

राहीबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "बिबट्या गट बघून येत न्हाई, बया."

त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. बायका रडत होत्या, मी पण. निघताना बायका फाट्यापर्यंत पोचवायला आल्या.

आनंदाने घरी आले तर भाऊजी बसलेले. मला बघून उठून गेले. यांनी हातातला तांब्या भिंतीवर मारला. "सांगितलं हुतं ना तिकडं जाऊ नको म्हनून!"

"अहो, पण मतं वाढली आपली! गवळवाडी आपल्याकडे येतेय."

हे डोकं धरून बसले. मला कळेना. उमेदवाराचा नवरा मतं वाढली म्हणून रडकुंडीला येतो? जीप उद्यापासून नाही. मित्राला गरज लागली.

२१ फेब्रुवारी

हे कसं लिहू? पण लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी हे समोर येऊन बसले आणि खाली बघून म्हणाले, "चोवीसला नानासाहेबांची शेवटची सभा हाय. तुला स्टेजवर जायचंय. दूधसंघाच्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचाय."

मी हसले. मग यांच्या तोंडाकडे बघितलं.

सगळं आधीच ठरलेलं होतं. जीप त्यांची. राखणीची माणसं त्यांची. शिंगणापूरसुद्धा त्यांचंच. कारखान्याच्या माणसांनी मला उचलून माघारीची सही घेऊ नये म्हणून मला तिथे नेऊन बसवलं होतं. मी उभं राहायचं, कारखान्याची मतं खायची, आणि नानासाहेबांच्या सुनेने, म्हणजे दूधसंघाच्या उमेदवाराने, निवडून यायचं. बदल्यात यांना वस्तीवर दूध संकलन केंद्र मिळायचं. पण मी गवळवाडीला गेले आणि त्यांची मतं खायला लागले. म्हणून आता पाठिंबा.

"मी हरणार म्हणूनच मला उभं केलंत," मी म्हणाले.

"तू थोडीफार मतं घेशील वाटलं हुतं," हे म्हणाले. "तू एवढं मनावर घेशील असं मला काय ठाऊक?"

पायात चप्पलसुद्धा न घालता राहीबाईकडे गेले. तिच्या पायाशी बसून म्हणाले, "मावशी, माझ्याबरोबर येऊ नका. मी खोटी आहे. मला दूधसंघाने उभं केलंय. माझं मला आज कळलं."

राहीबाई शेंगा फोडत होती. तिने हात थांबवला नाही. "आमाला पैल्या दिसापासून ठाऊक हाय."

"काय?"

"जीप कुनाची हे गावाला कळत न्हाई व्हय? आदिनाथ तुझ्याकडं जेवायला आला, फोटो काढला, समद्यांनी बघितलं. शिरमंताला ठाऊक, त्या कांद्यावाल्या सखूला ठाऊक. गवळवाडीला तर लगेच ठाऊक."

"मग तुम्ही आलात कशाला माझ्याबरोबर? लोकांनी ऐकलं कशाला?"

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. "आगं, त्यांनी तुला उभी केली. पन तू खरंच उभी राह्यलीस. ते त्यांच्या ध्यानात आलं न्हाई आन तुझ्याबी. आमी रोज बघत हुतो, आज बसती का उद्या बसती. तू काय बसंना."

गाव सगळं जाणून होतं आणि मी एकटीच अडाणी. लाज वाटते. पण रडू आलं ते लाजेचं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

काल मी सभेला गेले नाही. सरोजिनीबाईंकडे जाऊन बसले. रात्री प्रत्येकाच्या मोबाईलवर मेसेज गेला, 'धनश्रीताई करपे यांचा दूधसंघाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा.' खाली आमच्या दारातला फोटो, मी आणि आदिनाथभाऊजी, दोघं हसतोय.

बाई म्हणाल्या, "मंचाकडून खुलासा काढते." पण असा खुलासा कोण वाचतो? परवा मतदान. सगळ्या वस्त्या पायी करायला वेळ कुठे होता? मी विचार केला, सकाळी सगळी माणसं एका जागी कुठे येतात?

आज सकाळी दूधसंघाच्या संकलन केंद्रावर गेले. रांग लागलेली होती. फॅट काढायच्या मशिनच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी पाठिंबा दिलेला नाही. छत्रीवर मी उभी आहे, आणि उभीच राहणार."

केंद्रावरचा माणूस म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, दूध नासतंय."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग फोटो कसला?"

"ते माझे दीर आहेत. जेवायला आले होते."

"पन तुझा नवराच बोलला हुता की, पाठिंबा देनार म्हनून!"

सगळ्यांनी वळून बघितलं. मला माहीत नव्हतं, हे रांगेतच उभे होते, हातात आमची किटली. मशीन तेवढं घुरघुर करत होतं. यांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं की संपलं होतं.

यांनी किटली खाली ठेवली. "कबूल मी केलं हुतं," हे म्हणाले. "मला केंद्र देतो म्हनले हुते. तिला यातलं काय ठाऊक नव्हतं. ती म्हनती तेच खरं हाय."

एवढं बोलून यांनी किटली उचलली आणि मापाला पुढे केली. केंद्रावरच्या माणसाने ती मागे सरकवली. "तुमचं दूध नगं आता."

किटली घेऊन हे घरापर्यंत माझ्यामागून चालत आले. घरी आल्यावर मी त्या दुधाचं विरजण लावलं, हे शेजारी बसून राहिले. मी अजून माफ केलेलं नाही. पण बाजूला बसू दिलं.

२७ फेब्रुवारी

मतदान झालं. आज दिवसभर शेतीची थ्री-फेज लाईट होती! सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकदाही गेली नाही. रांगेत लोक हसत होते. "रोज मतदान ठिवा की राव!"

कारखान्याचा एक माणूस शाळेच्या गेटाबाहेर मोठ्याने सांगत होता, छत्रीला मत म्हणजे पाण्यात. शंभर मीटरच्या आत होता. मी पोलिसाला सांगितलं, पोलिसाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी श्रीमंतबाबा मोटारसायकलवर मागे बसून आले. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची. दोघं एकामागे एक रांगेत लागले. एकमेकांशी तेव्हाही बोलत नव्हते. मग बरोबर का आले, ते काही मला कळलं नाही.

मी स्वतः बटण दाबताना क्षणभर बोट थांबलं. स्वतःलाच मत द्यायचं म्हणजे काहीतरी चोरल्यासारखं वाटलं.

१ मार्च

मोजणी तालुक्याला. गोदामाबाहेर ऊन मी म्हणत होतं. पहिल्या फेरीत कारखाना पुढे. बाहेर लगेच गुलाल. दुसऱ्या फेरीत दूधसंघ. इकडचा गुलाल थांबला, तिकडचा उडाला. मी दोन्हीत तिसरी. हे म्हणाले, "पानी पी." मी प्यायले नाही.

मग गवळवाडीचं मशीन उघडलं. त्यानंतर आमच्या वस्त्यांचं. आत बसलेल्या सरोजिनीबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता. "थोड्या मतांनी पुढे आहेस. पण दोघांनी फेरमोजणी मागितली आहे."

दोघांनी मिळून अर्ज दिला. एवढे दिवस एकमेकांना शिव्या देणारी माणसं एका बाकावर बसून एका पेनाने सह्या करत होती. फेरमोजणी संपेपर्यंत मी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होते. मला वाटलं, काहीतरी करतीलच. हे सगळं त्यांचंच आहे, ही इमारतसुद्धा.

निकाल तोच राहिला. मी निवडून आले. हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या मतांनी.

आमच्याकडे गुलाल नव्हता. कुणी आणलाच नव्हता. राहीबाई कुंकू लावत नाही. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

२ मार्च

सकाळी चिटबॉय पळत आला. "ताई, उद्या तोडीची टोळी येती तुमच्या उसाला." मी काही विचारलंही नव्हतं. आधी वाटलं भीतीने आला असेल. मग बाईंचा फोन आला आणि कारण कळलं. पंचायत समितीत कारखाना आणि दूधसंघ समसमान. मी ज्याच्या बाजूला जाईन त्याचा सभापती.

दुपारी तात्यासाहेबांचा फोन. स्वतः. "पोरी, झालं गेलं विसर. उद्या येतो." संध्याकाळी नानासाहेबांचा. ते तर म्हणाले, "सभापती तूच हो, आमी पाठिंबा देतो. आन गोरखचं केंद्र मंजूर धर."

हे समोरच बसले होते. फोनमधला आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान वळवली.

कुणाला दिसणार नाही म्हणून खरं लिहिते. मला ती खुर्ची हवीशी वाटली. डोळ्यांपुढे गाडी आली, दिवा नसलेली पण सरकारी. केंद्रही आलं. मग मला माझीच भीती वाटली. मी एकटी यांच्यापुढे बसले तर मीही पुन्हा कुणाची तरी होईन, आणि तेही मला कळणार नाही.

दोघांनाही फोन केला. "उद्या दहाला या. पण आमच्या अंगणात, सगळ्यांसमोर बोलायचं. बसायला सतरंजी आहे."

मग हे उठले, मोटारसायकल काढली. कुठे, विचारलं तर म्हणाले, "गवळवाडीला सांगून येतो. रस्ता खराब हाय, वेळ लागंल."

३ मार्च

एवढी माणसं आमच्या अंगणात कधी आली नव्हती. आमची वस्ती, गवळवाडी, मळ्यातले सगळे. ज्याने दारात थांबू नको म्हटलं होतं, तो मागे बांधावर उभा होता, पण आला होता.

तात्यासाहेबांची गाडी आधी आली. गर्दी बघून त्यांनी माणूस पाठवला. आत खोलीत बसून बोलू, म्हणे. मी म्हणाले, खोलीत कांदा भरलाय. मग ते उतरले आणि सतरंजीवर बसले. थोड्या वेळाने नानासाहेब आले, तेही बसले, तात्यासाहेबांपासून दोन हात लांब.

मी म्हणाले, "माझ्या मताचं काय करायचं, ते तुम्ही सगळे ठरवा. या दोघांना जे विचारायचं ते विचारा."

मला वाटलं, लोक गप्प बसतील. पण कांदा खुरपणारी सखू उठली. तिने विचारलं, दिवसा लाईट कोण देणार आणि कधीपासून, तारीख सांगा. तात्यासाहेब म्हणाले, वरती बोलतो. ती म्हणाली, वरती म्हंजे कुठं? नानासाहेब म्हणाले, अभ्यास करावा लागेल. गवळवाडीची म्हातारी म्हणाली, पिंजऱ्याचाबी अभ्यास करता का? मग सगळेच बोलायला लागले. एक म्हणाला कारखान्याला धरा, निदान ऊस जाईल. दुसरा म्हणाला दूधसंघाला, निदान भाव वाढवून घेऊ. तिसरा म्हणाला कुणालाच नको. श्रीमंतबाबा आणि त्यांचा भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. कितीतरी वर्षांनी दोघं समोरासमोर भांडले. सरोजिनीबाई शांत राहा, शांत राहा म्हणून ओरडत होत्या. माझ्याच अंगणात मला बोलायला मिळेना.

दोन्ही साहेब सतरंजीवर ऊन खात बसले होते. तात्यासाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. नानासाहेब रुमालाने मान पुसत होते. कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं.

संध्याकाळचं दूध घालायची वेळ झाली तशी बायका उठायला लागल्या. तेव्हा तात्यासाहेब जरा मोठ्याने म्हणाले, "मग काय ठरलं म्हणायचं?"

राहीबाई पुढे आली. पदर खोचला, दोघांकडे नीट बघितलं.

"अजून ठरंना आमचं," ती म्हणाली. "उद्या परत या."